पोळ्याची बैलजोडी आणि घरचा लॅपटॉप: 'फोकस'वर मुखपृष्ठाचं चित्र पूर्ण होईपर्यंतचे दहा दिवस

काम ठरलेलं होतं. पोळ्यावरच्या सोळा पानी पुस्तिकेला मुखपृष्ठ हवं होतं. झूल आणि बाशिंग घातलेली खिल्लारी जोडी, जलरंगाचा पोत, ए५ आकार. दर महिन्याला पैसे मागणारी संकेतस्थळं नको होती आणि आपलं रेखाटन कुठल्या परक्या सर्व्हरवरही चढवायचं नव्हतं. म्हणून शब्दांत सूचना दिली की एआयनं चित्र काढून देणारं, घरच्याच यंत्रावर चालणारं मोफत सॉफ्टवेअर निवडलं. या प्रकारात कम्फीयूआय, ऑटोमॅटिक११११ अशी बरीच नावं कानावर येतात, पण त्यांचा पडदा बघूनच नवखा माणूस हबकतो. त्यामानाने 'फोकस' सोपं आहे. वर चित्र, खाली एक चौकट, शेजारी एक बटण. ल्वमिन झांग यांनी ते २०२३ मध्ये मुक्त परवान्याखाली आणलं. आता त्यात फक्त दुरुस्त्या होतात, नव्या सोयी येत नाहीत, आणि २०२३ च्या जुलैत आलेल्या एसडीएक्सएल घराण्याचीच मॉडेलं, म्हणजे असंख्य चित्रांवरून शिकलेल्या मोठ्या फाइली, त्यावर चालतात. शिकणाऱ्याला याचा फायदाच होतो, कारण बटणांच्या जागा रोज बदलत नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी काहीही उतरवण्याआधी यंत्र तपासलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, परफॉर्मन्समध्ये जायचं आणि डाव्या यादीत खालपर्यंत बघायचं. लॅपटॉपमध्ये बहुधा दोन जीपीयू, म्हणजे चित्राची आकडेमोड करणाऱ्या चिप, दिसतात. त्यातला एनव्हिडियाचा निवडून 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' हा आकडा वाचायचा. शेजारचा 'शेअर्ड' आकडा मोठा असतो, त्यावर जाऊ नका, तो साध्या रॅममधून उसना घेतलेला असतो. फोकसला किमान ४ जीबी डेडिकेटेड मेमरी आणि ८ जीबी रॅम लागते. माझ्याकडे आरटीएक्स ३०६० लॅपटॉप जीपीयू, ६ जीबी मेमरी आणि १६ जीबी रॅम होती. एएमडीच्या कार्डावर आणि अ‍ॅपलच्या एम१, एम२ यंत्रांवरही हे चालवता येतं, पण काही पटींनी हळू, आणि मांडणीही जास्त किचकट. पहिल्यांदाच करत असाल तर एनव्हिडियावालं यंत्र कुणाकडे आहे का ते आधी विचारा.

त्याच संध्याकाळी आणखी दोन कामं उरकली. एनव्हिडियाचा ड्रायव्हर ताजा केला, आणि विंडोजची 'व्हर्च्युअल मेमरी' आपोआप सांभाळण्यावर ठेवली आहे ना, ते पाहिलं. गती वाढवण्याच्या नादात पुष्कळ जण ती बंद करून बसतात. जवळजवळ सात जीबीचं मॉडेल मेमरीत चढवताना रॅम कमी पडली की विंडोज डिस्कचा तुकडा वापरते. तोच बंद असेल तर सॉफ्टवेअर सुरू करताना उघडणाऱ्या काळ्या खिडकीत 'सीपीयू अ‍ॅलोकेटर' असे शब्द असलेली चूक येते आणि सगळं थांबतं. ड्राइव्हवर ४० जीबी मोकळी जागा ठेवा. सॉफ्टवेअर आणि मॉडेलं मिळून एवढी जागा लागत नाही, पण उसन्या मेमरीलाही जागा हवी. आणि ड्राइव्ह एसएसडीच हवा. जुन्या फिरत्या डिस्कवर नुसतं मॉडेल चढायलाच मिनिटंच्या मिनिटं जातात.

शनिवारी सकाळी उतरवायला घेतलं. धोक्याची जागा इथेच आहे. इंग्रजीत या सॉफ्टवेअरच्या नावात 'ओ' हे अक्षर सलग तीनदा येतं. ते नाव शोधलं की हुबेहूब तसं नाव लावलेली खोटी संकेतस्थळं समोर येतात. ती या सॉफ्टवेअरची नाहीत, आणि हे त्याच्या अधिकृत पानावरच लिहिलेलं आहे. खरी जागा एकच: गिटहब या सॉफ्टवेअर ठेवण्याच्या संकेतस्थळावर झांग यांच्या खात्यातलं पान. त्या खात्याचं नाव तीन 'एल'नी सुरू होतं आणि पुढे 'यासविएल' असं आहे. पैसे, ईमेल किंवा नोंदणी मागणारं कुठलंही पान खरं नव्हे.

पानावर विंडोजसाठी सेव्हन-झेड प्रकारची दाबलेली फाइल मिळते. ती साधारण पावणेदोन ते दोन जीबीची असते. ती उलगडायला सेव्हन-झिप लागतं, तेही मोफत आहे. उलगडताना डी ड्राइव्हच्या अगदी मुळाशी इंग्रजी नावाचं छोटं फोल्डर केलं. डेस्कटॉपवर 'माझी चित्रं' अशा देवनागरी नावाच्या फोल्डरात ठेवू नका. हे सॉफ्टवेअर ज्या पायथन भाषेत लिहिलं आहे तिच्या काही भागांना वाटेतली देवनागरी अक्षरं आणि लांबलचक पत्ते झेपत नाहीत, आणि त्यातून येणारी चूक वाचून खरं कारण लक्षात येत नाही. प्रोग्रॅम फाइल्समध्येही नको, तिथे लिहिण्याची परवानगी आडवी येते.

फोल्डरात 'रन' नावाची बॅट फाइल असते. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की विंडोज निळी पाटी दाखवून अडवते. अधिकृत पानावरूनच उतरवलं असल्याची खात्री असेल तर 'मोअर इन्फो' आणि मग 'रन एनीवे' दाबायचं. त्यानंतर काळी खिडकी उघडते आणि इंग्रजी ओळी धावू लागतात. पहिल्यांदा छातीत धडधडतं, काहीतरी बिघडलं असंच वाटतं. काही बिघडलेलं नसतं. ती खिडकी म्हणजेच सॉफ्टवेअर आहे. ब्राउझरमध्ये दिसतो तो नुसता दर्शनी पडदा. काळी खिडकी बंद केली की काम थांबतं.

पहिल्या वेळी ते स्वतःच मुख्य मॉडेल उतरवतं. 'जगरनॉट एक्सएल' नावाची ही सुमारे ६.६ जीबीची फाइल आहे. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर अर्धा तास धरा. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर हे काम होणार नाही. घरी जोडणी नसेल तर कुणाकडे एकदा सगळं उतरवून अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवरून आणता येतं. पुढे कुठलीही स्थापना करावी लागत नसल्याने तेवढं पुरतं.

मध्येच वीज गेली, राउटर बंद पडला. परत आल्यावर पुन्हा सुरू केलं तर 'मेटाडेटा इनकम्प्लीट बफर' अशी चूक आली. तीनदा सुरू करून तीनदा तीच. याचा अर्थ मॉडेलची फाइल अर्धवट आहे. सॉफ्टवेअर त्या नावाची फाइल जागेवर आहे का एवढंच बघतं, ती पूर्ण आहे का हे तपासत नाही, त्यामुळे पुन्हा उतरवायलाही घेत नाही. उपाय सोपा आहे: 'मॉडेल्स' फोल्डरातल्या 'चेकपॉइंट्स'मध्ये जायचं, फाइलचा आकार बघायचा, कमी असेल तर ती पुसायची आणि रन पुन्हा चालवायचं. दुपारी अडीचला फाइल पूर्ण झाली आणि ब्राउझर आपोआप उघडला. उघडला नाही तर पत्त्याच्या जागी १२७.०.०.१:७८६५ असं इंग्रजी आकड्यांत लिहा. हा तुमच्याच यंत्राचा आतला पत्ता आहे. इथून पुढे एकेका सोयीची फाइल पहिल्यांदा उतरताना तेवढं नेट लागतं, बाकी काम नेट बंद ठेवूनही होतं.

पहिलं चित्र काढताना कुठल्याही सेटिंगला हात लावला नाही, आणि तुम्हीही लावू नका. मूळ मांडणी अशी असते: आकार ११५२ × ८९६, एका वेळी दोन चित्रं, वेग 'स्पीड' म्हणजे तीस पायऱ्या, चित्र तेवढ्या टप्प्यांत स्पष्ट होत जातं. माझ्या यंत्रावर एका पायरीला साधारण १.४ सेकंद लागले, म्हणजे एका चित्राला पाऊण मिनिट. त्याआधी मॉडेल चढण्याचा वेळ वेगळा. चार्जर लावलेलाच हवा. बॅटरीवर लॅपटॉप जीपीयूला आवळून धरतो आणि हाच वेळ कितीतरी वाढतो. खालून हवा खेळावी म्हणून मागच्या बाजूला दोन जाड पुस्तकं सरकवली. विजेचं म्हणाल तर १८० वॉटचा अडॅप्टर पूर्ण ताणला तरी तासाला पाव युनिटही जळत नाही.

चौकटीत मराठीत 'पोळ्याला सजवलेली बैलजोडी' असं लिहून पाहिलं. एका बाईचं चित्र आलं, बैलाचा मागमूस नाही. यात नवल नाही. एसडीएक्सएलमध्ये वाक्याचा अर्थ लावणारे दोन भाग असतात आणि दोन्ही मुख्यतः इंग्रजी मजकुरावर शिकलेले आहेत. देवनागरी शब्दाचे ते अर्थहीन तुकडे करतात. तेव्हा सूचना इंग्रजीतच द्यायची, पण मराठी वाक्याचा शब्दशः अनुवाद करून भागत नाही. या कामातला सगळ्यात मोलाचा धडा मला हाच वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

'इंडियन ऑक्स' लिहिलं तर युरोपातले सपाट पाठीचे बैल येत. 'बुल' लिहिलं तर स्पेनच्या झुंजीतला काळा सांड. 'खिल्लार' हा शब्द मॉडेलला काही सांगत नाही. 'झेबू' लिहिल्यावर मात्र वशिंड उगवलं. वशिंडाच्या गुरांना इंग्रजीत हाच शब्द आहे आणि जगभरच्या छायाचित्रांखाली तो लिहिलेला असतो. म्हणजे मॉडेलनं जे चित्र ज्या शब्दासोबत पाहिलं असेल, तो शब्द शोधायचा. वस्तूचं नाव माहीत नसेल तर ती दिसते कशी, ते लिहायचं. झूल म्हणजे 'पाठीवर पांघरलेलं भरतकामाचं लाल कापड'. बाशिंग म्हणजे 'कपाळावर कागदी फुलांचा आणि आरशांचा मुकुट'. शेंब्या म्हणजे 'शिंगांच्या टोकांना पितळी टोप्या'. घुंगुरमाळ म्हणजे 'गळ्यात पितळी घंटांचा पट्टा'. शिंगांसाठी नुसतं 'लांब' पुरत नाही, तेवढ्यावर अमेरिकेतली आडवी पसरलेली शिंगं येतात. 'मागे वळून वर गेलेली, निमुळती' असं लिहावं लागलं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाक्यात सगळ्यात आधी ठेवायची. एखादा शब्द दुर्लक्षित राहत असेल तर तो निवडून कंट्रोल आणि वरचा बाण दाबायचा, त्याला कंस आणि १.१ असा भार लागतो. १.४ च्या पुढे नेला की चित्र करपल्यासारखं दिसू लागतं.

रविवार आणि सोमवार याच खटपटीत गेले. चित्रं भराभर येत होती, पण सगळी चकचकीत, सिनेमाच्या पोस्टरसारखी. कारण मंगळवारी सापडलं. पानाच्या खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड'वर खूण केली की उजवीकडे चार खण उघडतात. त्यातल्या 'स्टाइल्स'मध्ये 'फोकस व्ही२' आधीच निवडलेलं असतं. ही शैली नसून जीपीटी-२ या मजकूर लिहिणाऱ्या मॉडेलवर बेतलेला छोटा भाग आहे, आणि तो तुमच्या वाक्यात स्वतःहून शब्द जोडतो. दोन शब्द लिहिणाऱ्याला त्याची मोठी मदत होते. ज्याला नेमकं हवं आहे त्याची मात्र तो वाट चुकवतो. मी तो काढला, 'एन्हान्स' आणि 'शार्प' ही सोबतची दोन्हीही काढली, आणि 'आर्टस्टाइल वॉटरकलर' निवडलं. शैलीच्या नावावर बाण नेला की ती कशी दिसेल याचा नमुना म्हणून मांजरीचं चित्र दिसतं, त्यावरून निवड सोपी जाते. एका वेळी एकच शैली घ्या. तीन-चार एकत्र केल्या की कुठलीच धड उमटत नाही.

बुधवारी बीजाचा वापर सुरू केला. प्रत्येक चित्राला एक आकडा असतो, त्याला 'सीड' म्हणतात. 'सेटिंग्ज'मधली 'रँडम'ची खूण काढून तोच आकडा ठेवला तर बाकी काही न बदलता तेच चित्र पुन्हा मिळतं. मग वाक्यातला एकच शब्द बदलून काय फरक पडतो ते नीट दिसतं. बीज न बांधता शब्द बदलत राहिलं तर सुधारणा शब्दानं झाली की नशिबानं हे कळत नाही. प्रयोग करताना चित्रांची संख्या एकवर ठेवा. जुनं चित्र हरवलं तर घाबरू नका. 'आउटपुट्स' फोल्डरात दर तारखेचं उपफोल्डर असतं आणि त्यातल्या 'लॉग' पानावर प्रत्येक चित्राखाली वाक्य, बीज, आकार सगळं लिहिलेलं असतं. तिथून नक्कल करून मुख्य चौकटीत चिकटवलं की सगळी मांडणी परत भरता येते.

तरीही जोडी जमेना. एकाला लाल झूल, दुसऱ्याला निळी असं लिहिलं की दोघांवरही लाल-निळे पट्टे येत. कधी दोन बैलांत मिळून सात पाय, कधी तीन शिंगं. कुठला रंग कुठल्या वस्तूला लावायचा हे मॉडेलला नीट उमगत नाही, आणि वाक्य लांबवून यातून सुटका होत नाही. गुरुवारी रात्री सोडून द्यावंसं फार वाटलं.

मार्ग निघाला तो कागद-पेन्सिलीतून. शुक्रवारी जोडीची साधी बाह्यरेषा काढली: दोन वशिंडं, चार शिंगं, आठ पाय, जोखड. खिडकीजवळच्या उजेडात मोबाइलवर सरळ वरून फोटो घेतला. फोकसमध्ये 'इनपुट इमेज'वर खूण करून 'इमेज प्रॉम्प्ट'मध्ये तो टाकला, त्याच खणातल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'वर खूण केली आणि प्रकार 'पायराकॅनी' निवडला. पहिल्या वेळी साधारण ४०० एमबीची फाइल उतरते. हा प्रकार फोटोतल्या कडा शोधतो आणि नवं चित्र त्या कडांवर बसवतो. 'स्टॉप अ‍ॅट' मुळात ०.५ असतं, म्हणजे अर्ध्या पायऱ्यांपर्यंतच रेखाटन पाळलं जातं. ते ०.७ केल्यावर पाय आठच राहिले. ०.९ केलं तर कागदाच्या सुरकुत्यासुद्धा चित्रात उतरल्या. फोटोत सावली आणि वहीच्या रेघा नकोत, त्याही कडाच समजल्या जातात. आकार उभा म्हणजे ८९६ × ११५२ घेतला. एकवीस चित्रांतून एक मनासारखं निघालं. जोखडाखाली मान वाकवून उभी असलेली जोडी पडद्यावर हळूहळू स्पष्ट होताना पाहिली, आणि आठवड्याचा शीण उतरला.

शनिवारी दुरुस्त्या केल्या. निवडलेलं चित्र 'इनपेंट ऑर आउटपेंट' खणात ओढायचं आणि बदलायचा भाग ब्रशनं झाकायचा. पहिल्या वापराला १.२८ जीबीची फाइल उतरते. इथल्या तीन पद्धतींपैकी मला दोन लागल्या. नवी वस्तू आणायची असेल तर 'मॉडिफाय कंटेंट', आहे तेच सुबक करायचं असेल तर 'इम्प्रूव्ह डिटेल'. दुसऱ्या बैलाची झूल झाकून 'मॉडिफाय कंटेंट'नं निळी केली. सोबतच्या छोट्या चौकटीत फक्त झुलेचं वर्णन लिहिलं, अख्ख्या चित्राचं नाही. डोळे आणि नाकपुड्या 'इम्प्रूव्ह डिटेल'नं निवळल्या. झाकताना कडेला थोडं जास्त घ्या, काटेकोर झाकलं की सांधा दिसतो. आणि दुरुस्ती एकेकच करा. मी झूल आणि शिंग एकदम झाकलं, तर शिंगावर भरतकाम आलं.

छपाईसाठी हिशेब साधा आहे. इंचाला ३०० ठिपके धरले तर ८९६ × ११५२ चं चित्र जेमतेम ३ × ३.८ इंच भरतं. दुप्पट केलं की १७९२ × २३०४, म्हणजे सुमारे ६ × ७.७ इंच. ए५ पान ५.८ × ८.३ इंचांचं असतं, म्हणजे रुंदी पुरते आणि उंचीला थोडं कमी पडतं. तिथे पुस्तिकेच्या नावाची पट्टी बसवली. दुप्पट करण्याचे दोन प्रकार आहेत. साधं 'अपस्केल २एक्स' चित्राचे तुकडे थोडे नव्यानं रंगवतं, त्यामुळे नीट केलेलं शिंग पुन्हा बिघडू शकतं. 'फास्ट २एक्स' फक्त मोठं करतं. दुरुस्त्या झालेल्या चित्राला मी दुसरंच वापरलं.

नाव मात्र मॉडेलकडून लिहून घेऊ नका. 'बैलपोळा' लिही म्हटलं की शिरोरेघेखाली अक्षरांसारखे आकार येतात, अक्षरं नव्हेत. मजकूर क्रिटा या चित्रकलेच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बसवला, फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्त परवान्यातला 'बालू'. क्रिटा निवडण्याचं आणखी एक कारण आहे: छापखान्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, रंग लागतात आणि ते क्रिटात करता येतात. पडद्यावरचा भडक गुलाल कागदावर मंद होतो, म्हणून रविवारी दुकानातून तीन रंगीत प्रिंट काढून पाहिल्या, प्रत्येकी २० रुपये. पहिल्या प्रिंटवर झूल विटकरी दिसली. तिसऱ्या वेळी रंग जमला. एकूण रोख खर्च साठ रुपये.

शेवटची दोन कामं राहिली होती. मॉडेल्सचं अख्खं फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून ठेवलं, म्हणजे पुढच्या यंत्रावर तो अर्धा तास आणि ती अर्धवट फाइल पुन्हा नको. आणि पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर बारीक टायपात लिहिलं: रेखाटन हातानं, रंगकाम संगणकीय मॉडेलनं.